विड्यातलं कोकेन : एका विसरलेल्या व्यसनाची नोंद

(मंडळाच्या मासिक बैठकीत वाचलेला निबंध. वाचनानंतर जे प्रश्न आले त्यांना धरून शेवटचा भाग थोडा वाढवला आहे.)

आपल्या मंडळात अफूवर पुष्कळ बोललं गेलं आहे आणि ते साहजिक आहे. माळव्यात राहून अफू टाळता येत नाही. होळकर-शिंद्यांच्या मुलखातली अफू आधी पोर्तुगीजांच्या दमणमार्गे आणि मग मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या व्यापारावर इंदूर-उज्जैनच्या सराफ्यातल्या पेढ्या वाढल्या. आजही मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमचला सरकारचा अल्कलॉइडचा कारखाना आहे. पण कोकेनचं नाव आपल्या बैठकीत कधी निघालं नाही. निघालं तरी ते आजकालच्या बातम्यांतलं, विमानतळावर पकडलेलं, पार्टीतलं. कोकेन म्हणजे श्रीमंतांच्या पोरांनी परवा-परवा आणलेलं विदेशी खूळ, असंच आपण धरून चालतो.

हे खरं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई, कलकत्ता, दिल्ली, लखनौ अशा शहरांत कोकेन पानाच्या विड्यातून खाल्लं जात होतं आणि खाणारे बहुतेक साधी माणसं होती. ती लाट आली, चाळीसेक वर्षं राहिली, ओसरली आणि आपण ती साफ विसरलो.

मी पेशाने दंतवैद्य. इंदुरात दवाखाना चालवून आता निवृत्त झालोय. आमच्या पुस्तकांत कोकेन पहिल्याच प्रकरणांत भेटतं, कारण जागा बधिर करण्याचं पहिलं औषध तेच. एवढ्या ओळखीवर मी हा विषय घेतला नसता. तो का घेतला ते शेवटी सांगतो.

पहिले रोगी डॉक्टरच

कोकाच्या पानांतून कोकेन वेगळं काढलं ते १८६० च्या सुमारास जर्मनीत, गटिंगनच्या आल्बर्ट नीमान यांनी. पण त्याचा खरा उपयोग कळायला १८८४ साल उजाडलं. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवून दिलं, की डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले तर डोळा बधिर होतो आणि रोगी जागा असताना शस्त्रक्रिया करता येते. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे दाताच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच वर्षी, त्याच शहरात सिग्मंड फ्रॉइड यांनी कोकेनची तारीफ करणारा निबंध लिहिला. मॉर्फिनचं व्यसन कोकेनने सुटतं, अशी त्यांची समजूत होती. त्यांचे मित्र फ्लाइश्ल-मार्क्सोव्ह हे मोठे शरीरशास्त्रज्ञ. अंगठ्याच्या जुन्या दुखण्यामुळे ते मॉर्फिनच्या आहारी गेले होते. फ्रॉइड यांनी त्यांना कोकेन दिलं. झालं काय, तर मॉर्फिन राहिलंच आणि कोकेन वर चढलं. १८९१ मध्ये ते वारले.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी मज्जातंतूजवळ कोकेन टोचून जबडा बधिर करून दाखवला. आम्हा दंतवैद्यांचे ते एका अर्थी पूर्वजच. प्रयोग स्वतःवर केले आणि व्यसनी झाले. इस्पितळात ठेवून त्यांच्यावर उपचार झाले आणि ते उपचार म्हणजे मॉर्फिन. पुढे जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाचे ते नामांकित शल्यविशारद झाले, पण मॉर्फिन जन्मभर सुटलं नाही. त्यांचे सहकारी विल्यम ऑसलर यांनी ही गोष्ट खासगी टिपणात लिहून ठेवली होती. ती लोकांसमोर आली १९६९ मध्ये, दोघेही जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर.

ह्या दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या. कोकेनवर पहिला उपचार म्हणजे दुसरी नशा, असं सुरुवातीपासून झालं. आणि ज्याला लाज वाटते तो लपवतो, मग तो केवढाही मोठा डॉक्टर असो.

पानाच्या गादीवर

आता आपल्याकडे येऊ. १८९३-९४ मध्ये सरकारने भांग-गांजावर एक आयोग नेमला आणि १८९३-९५ मध्ये अफूवर रॉयल कमिशन बसलं. दोघांनी देशभर साक्षी घेतल्या, जाडजूड अहवाल छापले. व्यसनांची एवढी मोठी चौकशी हिंदुस्थानात त्याआधी झाली नव्हती. आणि नेमक्या त्याच दशकात, चौकशीच्या यादीत नसलेलं कोकेन बाजारात शिरत होतं. सुरुवात बिहारात भागलपूरला झाली असं मानतात. तिथून ते कलकत्त्याला आणि मग रेल्वेच्या वाटेने वर उत्तरेकडे पसरलं. मुंबईला तर बंदरच होतं.

युरोपात कोकेन टोचत किंवा नाकाने ओढत. आपल्याकडे ते पानात आलं आणि ह्याला कारण आहे. पानात चुना असतो. चुना हा अल्कली. कोकेनच्या क्षाराला चुना लागला की त्याचं रूप बदलतं आणि ते गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात जातं. दक्षिण अमेरिकेतले लोक कोकाची पानं चघळताना शेकडो वर्षं चुना किंवा राख वापरत आले आहेत. म्हणजे अँडीज पर्वतातल्या माणसाला जी युक्ती माहीत होती, तीच आपल्या पानवाल्याला न शिकवता हाती लागली. आयती सोय! विडा होता, चुना होता, गल्लीत गादी होती. पांढरी चिमूट तेवढी बाहेरून यायची.

शिवाय पान खाण्यात चोरी नव्हती. दारू प्यायलेला माणूस वासाने कळतो, अफू खाल्लेला डोळ्यांनी कळतो. पान खाणाऱ्याला कोण विचारणार?

ह्या व्यसनाचा वैद्यकीय अभ्यास आपल्याकडे ज्यांनी नीट केला ते म्हणजे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी. त्यांचा लेख १९३१ चा. प्रत्यक्ष खाणाऱ्यांना तपासून त्यांनी लिहिलं. थकवा घालवायला, कामवासना वाढेल ह्या समजुतीने, मित्रांच्या आग्रहाने अशा कारणांनी लोक सुरुवात करत. सतत चघळणाऱ्यांचे दात आणि जीभ काळी पडत. भूक मरे, झोप उडे, माणूस वाळत जाई. संशय वाढे. काहींना कातडीखाली किडे वळवळतात असं वाटे आणि ते खाजवून-खाजवून जखमा करून घेत. हे लक्षण आजही कोकेनच्या रोग्यांत दिसतं.

अफूला परवाना, कोकेनला तुरुंग

१९०० च्या सुमारास बंगाल सरकारने कोकेनच्या विक्रीवर निर्बंध आणले, मागोमाग दुसऱ्या प्रांतांनी आणले. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि जवळ बाळगायचंही नाही.

इथे एक गंमत बघा. हेच सरकार गाझीपूरच्या कारखान्यात अफू तयार करत होतं आणि परवानाधारक दुकानांतून विकत होतं. अफूवर महसूल होता. कोकेनवर नव्हता. ते परक्या कारखान्यांतून येई आणि नफा चोरट्या व्यापाऱ्याला जाई. कोकेन घातक नव्हतं असं मला म्हणायचं नाही. घातक होतंच. पण कोणत्या नशेला दुकान द्यायचं आणि कोणत्या नशेला कोठडी, हे ठरवताना रोग्याची तब्येत हा एकच हिशोब नव्हता, एवढं ध्यानात ठेवावं.

१९१२ च्या हेगच्या अफू करारात मॉर्फिन आणि कोकेनही आलं, आणि ते यावं म्हणून ब्रिटिशांनीच जोर लावला. जर्मनीला ते रुचलं नव्हतं, कारण कोकेनचे मोठे कारखाने तिचे. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहातच जर्मनीला हा करार स्वीकारावा लागला. पुढे १९२५ चा जिनिव्हा करार आणि आपल्याकडे १९३० चा डेंजरस ड्रग्ज ॲक्ट.

संस्थानांत मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप चालत नसत. आपल्या इंदूरचंच बघा. शहर होळकरांचं, रेसिडेन्सीचा भाग आणि महूची छावणी इंग्रजांच्या अमलाखाली. चार-पाच कोसांत दोन कायदे. चोरट्या मालाला अशा शिवा नेहमीच सोयीच्या असतात, हे अफूच्या इतिहासात आपण बघितलंच आहे.

आता आपल्यासारख्या हौशी अभ्यासकांसाठी एक सावधगिरीची सूचना. कोकेनबद्दल जे कागद उरलेत ते बहुतेक अबकारी खात्याचे, कस्टम्सचे आणि पोलिसांचे आहेत. त्यांत काय सापडतं? किती माल पकडला, किती जणांना शिक्षा झाली. पण एखाद्या वर्षी जास्त माल पकडला, म्हणजे त्या वर्षी खाणारे वाढले असं होत नाही. कदाचित खबऱ्या चांगला मिळाला असेल. कदाचित एखादा साहेब जास्त तडफेचा असेल. मालाचं वजन म्हणजे रोग्यांची शिरगणती नव्हे. ही चूक जुने अहवाल वाचताना होते आणि आजचं वर्तमानपत्र वाचतानाही होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत पाचशे किलोहून जास्त कोकेन पकडलं तेव्हा हजारो कोटींचे आकडे सगळ्यांनी वाचले. त्यावरून दिल्लीत, मुंबईत, इंदुरात किती जणांना डॉक्टरची गरज आहे हे कोणाला कळलं?

लाट ओसरली कशी

सुरुवातीला कोकेन मुख्यतः जर्मन कारखान्यांचं. पुढे डचांनी जावात कोकाची मोठी लागवड केली आणि जपानने फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात. १९२० नंतर हिंदुस्थानात पकडल्या जाणाऱ्या मालात जपानी माल वाढला. ‘फुजित्सुरू’ छापाची पाकिटं त्या काळच्या कागदांत वारंवार भेटतात. माल जहाजांवरून येई, खलाशी आणि खालचे नोकर तो उतरवत. पकडला जाई तो बहुधा हाच माणूस, आणि त्याच्यापुढचा पानवाला. पाकीट भरणारा दूरच राही.

मग दुसरं महायुद्ध आलं. जहाजांच्या वाटा तुटल्या. युद्धानंतर जपानचा तो धंदा बसला. १९५८ साली चोप्रांनी पुन्हा ह्या विषयावर लिहिलं तेव्हा जुनी लाट गेलेली होती.

मला ह्या निबंधात जे सांगायचंय ते इथे आहे. लाट गेली ती माल बंद झाला म्हणून. कोणाला बरं केलं म्हणून नाही. त्या चाळीस वर्षांत सरकारने कोकेनसाठी कायदे केले, करार केले, खबऱ्यांना बक्षिसं दिली, माणसं आत टाकली. पण खाणाऱ्याने सोडायचं म्हटलं तर त्याने कुठे जायचं, ह्याची व्यवस्था उभी राहिली नाही.

ह्याला एक वैद्यकीय कारणही आहे. अफू एकदम बंद केली तर शरीर बंड करतं. पोटात कळा, जुलाब, अंग मोडून येणं. ते डोळ्यांना दिसतं, म्हणून उपचार हवा असं वाटतं. कोकेन बंद केलं तर असं फारसं दिसत नाही. माणूस दोन-चार दिवस झोपतो, खा-खा खातो, उदास बसतो. तुरुंगात तो महिनाभरात अंगाने भरतोसुद्धा. बघणाऱ्याला वाटतं, सुटला! पण ओढ मनात राहिलेली असते. बाहेर पडला, तीच गल्ली, तेच मित्र, तोच विडा समोर आला, की ती उसळते. म्हणजे कोठडीत जे झालं त्याला आपण उपचार समजलो, आणि पुन्हा पकडला गेला की त्याला निर्ढावलेला समजलो.

पुढची लाट, आणि आजची

माल बंद झाला की व्यसनाचा प्रश्न संपतो ही समजूत १९८० च्या दशकात पार कोसळली. मुंबईत ब्राउन शुगर आली, आपण तिला गर्द म्हणालो. तेव्हा मात्र वेगळी गोष्ट घडली. अनिल अवचट गर्दच्या विळख्यातल्या मुलांना भेटले आणि त्यांनी लिहिलं. त्या लिखाणात पहिल्यांदा मराठी वाचकाला पकडलेला माल नाही, तर माणूस दिसला. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण उभं राहिलं. मुंबईत फादर जो परेरा यांचं कृपा फाउंडेशन त्याआधी, १९८१ मध्ये सुरू झालं होतं. त्याच दशकात, १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा झाला आणि १९८८ मध्ये दिल्लीच्या एम्सचं व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. कोकेनची लाट आली तेव्हा जे नव्हतं, ते गर्दच्या वेळी निदान सुरू तरी झालं.

आज कुठे आहोत? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात १० ते ७५ वयोगटात कोकेन घेणारे ०.१० टक्के, म्हणजे साधारण १० लाख ७० हजार. अफू-हेरॉइन वर्गातलं काही ना काही घेणारे २.०६ टक्के. म्हणजे आपल्या देशात कोकेन हा आजही मोठा आकडा नाही, हे कबूल. पण जगात तो वाढतोय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगभर कोकेन घेणारे २०१३ मध्ये १ कोटी ७० लाख होते, ते २०२३ मध्ये अडीच कोटी झाले. उत्पादनही आजवरच्या सगळ्यात वरच्या पातळीवर आहे. आणि नशेच्या विकाराने ग्रासलेल्या बारा जणांपैकी एकालाच उपचार मिळतो. आपल्या सर्वेक्षणात बेकायदा नशेच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी वीसात एकालाच कधी तरी भरती होऊन उपचार मिळालेला दिसला.

बैठकीत कोणी तरी विचारलं, कोकेनवर गोळी आहे का? हेरॉइनच्या रोग्याला ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं औषध देऊन सावरता येतं. कोकेनसाठी असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, ओढ कधी आणि कशाने येते हे रोग्याला ओळखायला शिकवण्याचा, लघवीची तपासणी स्वच्छ आली की लहानसं बक्षीस देण्याच्या पद्धतीचा, सोबतची उदासी आणि दारू ह्यांवर उपचार करण्याचा, आणि वर्ष-वर्ष पाठपुरावा करण्याचा. ह्यातलं काहीही झटपट नाही. फ्रॉइडपासून झटपट उपाय काढणाऱ्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

दुसरा प्रश्न कायद्याचा आला. कोकेन घेतल्याबद्दल एनडीपीएसच्या कलम २७ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचाच आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्यालाही न्यायालय उपचारासाठी सोडू शकतं. ही कलमं वकिलांना ठाऊक असतात. घरच्यांना नसतात.

मलाही नव्हती. दोन वर्षांपूर्वी ओळखीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. तिशीचा मुलगा, मोठ्या शहरात चांगल्या नोकरीवर. वरच्या हिरडीला एका जागी न भरणारी जखम होती. तंबाखू खातोस का, विचारलं, तर नाही म्हणाला. बाप बाहेर गेल्यावर त्याने सांगितलं, की तो कोकेन हिरडीला चोळतो. चुन्याचं पान नव्हतं, पण जागा तीच. पुस्तकातलं प्रकरण खुर्चीत येऊन बसलं होतं, आणि त्याला कुठे पाठवायचं हे मला सांगता येईना. बापाला कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हे बाहेर जाऊ देऊ नका. पोलिसात गेलं तर पोराचं सगळं संपेल.” मीही गप्प राहिलो. जखमेवर मलम दिलं. तो केंद्रात गेला तो आठ महिन्यांनी, नोकरी गेल्यावर. आता बरा आहे, मधे एकदा घसरला होता, पुन्हा जातोय. ते आठ महिने माझ्या खात्यावर आहेत असं मला वाटतं.

म्हणून हा निबंध. आपल्यापैकी जे अबकारीचे जुने कागद बघतात त्यांना विनंती, की पकडलेल्या मालाच्या रकान्याशेजारी एक रिकामा रकाना मनात धरावा, रोग्याचा. आणि ज्यांच्या घरात, शेजारात असं काही असेल त्यांच्यासाठी, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ ही आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मंडळाच्या सूचनाफलकावरही हा नंबर लावायचं परवाच्या बैठकीत ठरलं आहे.